हातहत्यारांनी फोटोफ्रेम: नागपूरचा पावसाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

ज्यांना नुसतं काय घ्यायचं एवढंच पाहिजे, त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: करवत साधी चालेल, रंधा चांगला घ्या आणि धारेच्या दगडाला हात आखडू नका. मागच्या पावसाळ्यात मी हे सामान जमवायला घेतलं आणि आता मे संपत आला, म्हणजे इथल्या हवेची दोन्ही टोकं माझ्या फ्रेम्सनी भिंतीवर काढली आहेत. चार दिवस वापरून लिहिलेले अभिप्राय भरपूर मिळतात. उन्हाळ्यात कोपरा उघडतो की नाही हे त्यांत कधीच नसतं, आणि फ्रेममध्ये बघायचं असतं ते तेच.

सामान असं: लाकडी माइटर बॉक्स (ठरावीक कोनात कापायला खाचा असलेली पेटी) आणि त्याच्यासोबत येणारी पाठीची करवत, म्हणजे पात्याच्या पाठीवर जाड पट्टी असलेली, जपानी धर्तीची ओढून कापायची एक करवत, स्टॅन्लीचा ६०½ नंबरचा ब्लॉक रंधा, पताम (पट्टीच्या मागे काच-चित्र बसायची पायरी) काढायचा एक स्वस्त रंधा, १००० आणि ६००० ग्रिटचा दुहेरी दगड, काटकोन तपासायचा गुण्या, आणि चार कोपऱ्यांचा पट्टा क्लॅम्प. शूटिंग बोर्ड, म्हणजे टोकं रंधताना पट्टी टेकवायची फळी, विकत घेतला नाही, घरीच केला.

माइटर बॉक्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याच्या खाचा पात्यापेक्षा रुंद असतात, त्यामुळे करवत आत डुलते आणि वापरून वापरून खाच आणखी रुंद होते. माझ्या बॉक्सची डावी खाच तर नवी असतानाच पंचेचाळीसला नव्हती. तपासायची युक्ती सोपी आहे. एकाच खाचेतून सपाट पट्टीचे दोन तुकडे कापा, एक उलटा करून दुसऱ्याला भिडवा आणि गुण्या लावा. चूक दुप्पट होऊन समोर येते. फ्रेमला एकूण आठ कट लागतात. प्रत्येकात अर्धा अंश एकाच बाजूला गेला, तर तीन कोपरे छान जुळतात आणि चौथ्यावर चार अंशांची फट उभी राहते. लोक मग चौथ्या कोपऱ्याला शिव्या घालतात. त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं, सगळ्यांचा हिशेब त्याच्या माथी येतो.

जपानी करवत मात्र हाताला फार गोड लागते. पातं ओढताना कापतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं, वाकत नाही, भुसाही कमी पडतो. सागवानावर सुरुवातीचे काही महिने ती सुरेख चालली. पण सागवानात सिलिका असते, ती धार खाते, आणि या करवतीचे दात एवढे बारीक की आपल्याकडचा धार लावणारा त्यांना हात लावत नाही. पातं बदलावं लागतं. साधी पाठीची करवत तिकोनी कानशीने घरी घासता येते. आता दोन्ही बाजूला ठेवून बघतो तेव्हा फ्रेममध्ये काही फरक दिसत नाही, कारण करवतीचा कट शेवटी राहतच नाही. रेघेपासून मिलिमीटरभर बाहेर कापायचं आणि उरलेलं रंध्याने आणायचं.

ते आणायची जागा म्हणजे शूटिंग बोर्ड. १८ मिमीच्या प्लायचा फूट-दीड फूट लांब तुकडा खाली, त्यावर थोडा अरुंद दुसरा तुकडा, म्हणजे रंधा आडवा झोपून सरकायला पायरी तयार होते. वरच्या तुकड्यावर पंचेचाळीस अंशांत एक नाही, दोन आडव्या पट्ट्या, घराच्या छपरासारख्या एकमेकींना टेकलेल्या. बहुतेक जण प्रत्येक पट्टी बरोब्बर पंचेचाळीसला बसवायच्या मागे लागतात आणि वैतागतात. गरज नाही. त्या दोघींमधला कोन बरोबर ९० पाहिजे, एवढंच. एक ४४.८ ला आणि दुसरी ४५.२ ला असली तरी, कोपऱ्याचा एक तुकडा डाव्या पट्टीवर आणि त्याचा जोडीदार उजव्या पट्टीवर घासला की बेरीज नव्वदच येते. तेवढा फरक डोळ्याला दिसतही नाही. मी पट्ट्या बसवताना गुण्या दोघींच्या मध्ये धरूनच स्क्रू आवळले. गोला-गलता (नक्षीची गोलाई) असलेली पट्टी उलटवता येत नाही, तिला तर दोन्ही बाजू लागतातच.

पायरीवर मेणबत्ती घासायची, पातं जेमतेम बाहेर ठेवायचं, आणि रंधा कुशीवर झोपवून ढकलायचा. पट्टीचं टोक आडव्या पट्टीला टेकलेलं असतं, म्हणून मागचे धागे फाटत नाहीत. धार बरोबर असेल तर टोकाच्या आडव्या धाग्यातूनही सलग छिलका निघतो, कांद्याच्या सालीसारखा, उजेडात धरला तर त्यात वर्षवलयांच्या रेघा दिसतात. धार गेली की छिलक्याऐवजी पीठ पडायला लागतं आणि रंधा अडखळत आवाज करतो. पीठ दिसलं की थांबायचं, दगडाकडे जायचं. सागवानावर ही वेळ लवकर येते. एका फ्रेममध्ये मध्येच पातं काढून घासावंच लागतं. म्हणून दगडाचे पैसे रंध्याच्या बरोबरीने धरा. पात्याची मागची बाजू पहिल्या दिवशी सपाट करून आरशासारखी करायला एक अख्खी दुपार जाते, ती टाळून पुढे काही उपयोग नाही.

समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या असणं हे मापापेक्षा महत्त्वाचं. दोन्ही पाठीला पाठ लावून टेबलावर उभ्या करायच्या आणि टोकांवरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला लागते. लांब असेल तिचा एक छिलका काढायचा, परत बोट.

मापाचा हिशेब एकदा लिहून भिंतीवर चिकटवून ठेवा. ए-फोर चित्र २१० गुणिले २९७ मिमी. पट्टी २५ मिमी रुंद आणि तिच्यात ६ मिमीची पताम, म्हणजे उरले १९. चित्राला ३ मिमी मोकळीक. बाहेरची लांबी: २१० अधिक ३ अधिक दोनदा १९, म्हणजे २५१, दुसरी बाजू तशीच ३३८. पतामेची खोली १० मिमी ठेवा. त्यात २ मिमीची काच, माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा), चित्र आणि मागचं ३ मिमीचं एमडीएफ बसून खिळ्यांना जागा उरते.

पताम काढायचा स्वस्त रंधा हा या सगळ्यातला वाया गेलेला खर्च. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. त्याची बाजूची पट्टी दाबाने वाकते, मग पताम एका टोकाला सहा आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच होते. कडा घासून, स्क्रू बदलूनही तो सुधारला नाही. त्याच्याशिवायही काम होतं, आणि मला तर जास्त चांगलं होतं: २५ मिमी रुंद पातळ पट्टीच्या मागे १९ मिमी रुंद आणि १० मिमी जाड दुसरी पट्टी बाहेरची कड जुळवून चिकटवा. पताम आपोआप तयार. पुढची पट्टी हळदूची आणि मागची कुठल्याही लाकडाची ठेवली तरी भिंतीवर कोणाला कळत नाही.

लाकूड लकडगंजमधून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून. आरामशीनवर दारं-चौकटींचे उरलेले सागवानाचे तुकडे मिळतात, सरळ धाग्याचा निवडून घ्यायचा. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानाचं नाव अयोध्येच्या मंदिराच्या दारांनी आता देशभर झालं आहे. त्या दर्जाचा माल फ्रेमवाल्याच्या नशिबी येत नाही, पण दीड इंचाची पट्टी काढायला त्याची गरजही नाही. सागवान हौशी माणसाला वाटतं तेवढं सोपं नाही, धार खातं आणि तेलकट असल्यामुळे गोंद धरायला कुरकुरतं. शिवण मिळाली तर घ्या: हलकी, मऊ, हवेला कमी हलणारी, शिकायला सगळ्यांत बरी. हळदूचा धागा बारीक आहे, कड एकदम स्वच्छ येते. नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांच्या मोडीतलं सागवान दिसायला अप्रतिम असतं, फक्त आत मोडलेला खिळा लपलेला असतो. चुंबक फिरवल्याशिवाय त्यावर रंधा ठेवू नका.

लकडगंजच्या आरामशीनवरच्या एका मिस्त्रींनी पट्ट्या बांधून देताना सांगितलं, “भाऊ, नेल्या नेल्या फ्रेम नका करू. राहू द्या घरी पडून. लाकडाले तुमच्या घरची हवा लागू द्या ना.” हे वाक्य या सगळ्या सामानापेक्षा जास्त उपयोगी पडलं. तान्हा पोळ्याच्या (मुलांच्या लाकडी बैलांचा सण) आधी मात्र त्यांच्याकडे जाऊ नका. सगळे लाकडी बैलांत गुंतलेले असतात, तुमच्या दोन पट्ट्यांसाठी कोण मशीन थांबवणार!

आता हवेचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पट्टी सुकून अरुंद झाली की कटाचा कोन पंचेचाळीसच्या खाली येतो आणि कोपरा आतल्या बाजूने, काचेकडे उघडतो. ओल पिऊन फुगली तर बाहेरच्या टोकाशी उघडतो. कुठली फट कुठे पडली हे बघून फ्रेम कुठल्या ऋतूत केली ते ओळखता येतं. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. माझी ऑगस्टमध्ये केलेली रुंद सागवानी फ्रेम एप्रिलच्या मध्याला आतून उघडली, नखाची कड जाईल एवढी. त्याच सुमारास केलेल्या २५ मिमीच्या अरुंद फ्रेम्सना केसाएवढी रेघ आली, ती सांगितल्याशिवाय दिसत नाही. आणि गंमत म्हणजे हॉलमधल्या फ्रेम्सना तीही नाही. तिथे कूलर चालतो ना! बाहेर पंचेचाळीस अंश आणि कोरडीठाक हवा, पण कूलरसमोरच्या भिंतीला पावसाळाच. त्याच घरात आतल्या खोलीची फ्रेम तडकते आणि हॉलमधली नाही, हे पुण्या-मुंबईच्या कुठल्याही माहितीत सापडणार नाही. त्यामुळे माझं मत झालंय की इथे रुंद फ्रेम दिवाळीनंतर करावी, हवा मधली असते तेव्हा. पावसाळ्यात करायचीच असेल तर अरुंद पट्टी.

कोपऱ्याला पाचर मात्र नेहमी घाला. कोपऱ्याच्या बाहेरून करवतीने आडवा चीर द्यायचा आणि त्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाची पातळ चीप चिकटवायची. माइटरमध्ये, म्हणजे अशा तिरप्या जोडात, आडवा धागा आडव्या धाग्याला चिकटतो, तो जोड नुसत्या गोंदावर कच्चा असतो. माझ्या रुंद फ्रेमला फट पडली तरी कोपरा सुटला नाही, तो या चिपांमुळे.

गोंद साधा फेविकॉल. टोकाचा धागा गोंद पिऊन टाकतो, म्हणून आधी पाणी घालून पातळ केलेला एक हात, तो पंधरा-वीस मिनिटांत ओढला गेला की घट्ट हात. सागवान असेल तर त्याआधी स्पिरिटच्या फडक्याने टोक पुसून घ्या. मे महिन्यात गोंद लावून क्लॅम्प शोधायला गेलात तर परत येईपर्यंत साय धरलेली असते. सगळं आधी कोरडं जोडून बघून, क्लॅम्प हाताशी ठेवून मगच बाटली उघडायची. पट्टा क्लॅम्प ठीक आहे, प्लॅस्टिकचे कोपरे थोडे सैल बसतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळली तरी तेवढाच दाब येतो, पैसे शून्य.

पॉलिशला दोन पर्याय वापरून पाहिले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने लावली तर हिवाळ्यात काचेसारखी येते, पण पावसाळ्यात दमट हवेने तिच्यावर पांढुरकी झाक चढते. जवसाचं तेल आपल्या भागात सहज मिळतं, मात्र घाण्याचं कच्चं तेल सुकायला फार दिवस घेतं आणि तोवर धूळ चिकटते. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या, पातळ लावा, उरलेलं पुसून काढा. आणि ते तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं, चुरगळलेलं फडकं पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

खर्चात हे दुकानाशी बरोबरी करत नाही, हे स्पष्ट सांगतो. दुकानदार पाय-दाबाच्या कातरीने दोन सेकंदांत कोपरा कापतो, मागून व्हीच्या आकाराच्या खिळ्या मारतो आणि पॉलिमरची पट्टी ना उन्हाळ्यात हलते ना पावसाळ्यात. लग्नाचे बारा फोटो फ्रेम करायचे असतील तर तिकडेच जा. एखाद्या चित्राला लाकूड निवडून, त्याच्या रंगाला शोभेल अशी अरुंद पट्टी पाहिजे असेल, तर हे सामान घ्या. फ्लॅटमध्ये रात्री दहालाही काम करता येतं, रंध्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही.

परत घ्यायची वेळ आली तर मी ६०½ रंधा, दगड, गुण्या आणि साधी पाठीची करवत एवढंच घेईन. माइटर बॉक्सऐवजी गुण्याने रेघ मारून हातानेच कापेन, पतामेचा रंधा आणि पट्टा क्लॅम्प दुकानातच राहू देईन. काच मात्र घरी कापायच्या भानगडीत पडू नका; फ्रेम पूर्ण झाल्यावर ती घेऊन काचवाल्याकडे जा आणि पतामेच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर कमी कापून मागा.