रिफंड काढून देणारा एजंट: रायडर आणि फ्रीलान्सर नेमके कुठे फसतात

जून लागला की घणसोली, कोपरखैरणे, कळवा, वागळे इस्टेट या नवी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातल्या डिलिव्हरी रायडरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतो: 'टीडीएस कापलाय ना? आधार-पॅन पाठव, रिफंड काढून देतो. पैसे खात्यात आल्यावर तीस टक्के.' टीडीएस म्हणजे कंपनीने पैसे देतानाच कापलेला आयकर. आधी काहीच द्यायचं नसल्यामुळे यात धोका दिसत नाही, आणि म्हणूनच पोरं पटकन कागद पाठवतात.

आधी हिशोब बघा. महिन्याला २४,००० पेआउट म्हणजे वर्षाला २,८८,०००. कंपनी कलम १९४सी खाली १ टक्का कापते, म्हणजे २,८८०. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे हे २,८८० पूर्ण परत मिळतात. एजंट 'फाइल चार्ज' म्हणून १,००० आणि तीस टक्क्यांचे ८६४ घेतो. तुमच्या हातात उरतात १,०१६. इंटिरिअरची कामं स्वतंत्रपणे घेणाऱ्याचं नुकसान याहून मोठं. वर्षाची ९ लाखांची बिलं, त्यावर १० टक्के कापलेला टीडीएस ९०,०००. कलम ४४एडीए खाली निम्मी रक्कम, ४.५ लाख, उत्पन्न धरलं तरी सवलतीनंतर कर शून्य. वीस टक्क्यांनी एजंटला जातात १८,०००, तेही अर्ध्या तासाच्या कामाचे.

थोडं व्याज सोडलं तर कापले गेले त्याहून जास्त पैसे रिफंडमध्ये येऊच शकत नाहीत. कापलेली रक्कम फॉर्म २६एएसमध्ये दिसते. तिच्यापेक्षा मोठा आकडा कोणी कबूल करत असेल तर तिथेच थांबा.

पॅन-आधार जोडलेलं नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापले जातात. वरच्याच कमाईवर ५७,६००. असा माणूस एजंटच्या तावडीत हमखास सापडतो, कारण रक्कम मोठी आणि घाई जास्त. पण न जोडलेला पॅन निष्क्रिय होतो आणि त्यावर रिफंड मिळतच नाही. आधी आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर १,००० रुपये भरून जोडणी करायची, मग रिटर्न.

दिवसा नोकरी आणि रात्री डिलिव्हरी करणाऱ्यांचा पगारावरचाही टीडीएस असतो, तिथे एजंट खोट्या वजावटी टाकतो: न भरलेलं घरभाडं, ८०डीचा आरोग्य विमा, राजकीय पक्षाला न दिलेली ८०जीजीसीची देणगी. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशीच खोटी रिटर्न भरून देणाऱ्यांवर देशभरात सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. त्या वेळी खात्याने सांगितलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हे एजंट तात्पुरते ईमेल आयडी काढून त्यांवरून ढिगाने रिटर्न भरतात आणि नंतर ते सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कोणी वाचतच नाही. रिटर्न तुमच्या नावाचं, सही तुमची, जबाबदारीही तुमचीच. खोट्या वजावटीने ४०,००० कर वाचवला असेल तर ते ४०,००० आणि व्याज भरावं लागतंच, शिवाय कलम २७०ए खाली २०० टक्के दंड, म्हणजे आणखी ८०,००० लागू शकतो.

सगळ्यात घातक प्रकार कागदांचा. आयकर रिटर्नला लाइट बिल, भाडेकरार किंवा पासपोर्ट फोटो लागत नाही. हे कागद लागतात जीएसटी नोंदणीला, कारण तिथे धंद्याच्या जागेचा पुरावा मागतात. 'रिफंडसाठी' म्हणून लाइट बिल आणि दोन-तीन ओटीपी दिले की तुमच्या पॅनवर कागदोपत्री फर्म उभी राहू शकते. तिच्या नावाने बोगस बिलं फाडली जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी मागणीची नोटीस तुमच्या दारात येते. 'रिफंडसाठी नवं खातं आणि नवं सिम काढू' असं म्हटलं तर तेही याच धंद्याचं अंग समजा. तुमचं जुनं बचत खातं पॅनशी जुळत असेल, तर तेच ई-फायलिंग पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट करून, म्हणजे आधी पडताळून, चालतं. आपल्या पॅनवर फर्म आहे का हे जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मधल्या 'सर्च बाय पॅन'मध्ये लॉगिन न करता दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

स्वतः भरायचं तर ई-फायलिंग पोर्टलवर एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाची खात्याकडची नोंद) आणि २६एएस उघडून पेआउटच्या आकड्यांशी ताडून घ्या. डिलिव्हरीच्या कमाईला आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म आणि कलम ४४एडी: बँकेत आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवायचा, खरा नफा जास्त असेल तर जास्तच. एजंट घाईत आयटीआर-१ टाकतात. धंद्याच्या उत्पन्नाला तो फॉर्म चालत नाही, त्यामुळे रिटर्न सदोष ठरवणारी नोटीस येऊ शकते आणि दुरुस्तीला साधारण १५ दिवस मिळतात. ती नोटीस एजंटच्या ईमेलवर गेली तर रिफंडही अडकतो. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या कमाईसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

आधीच कोणाला पासवर्ड दिला असेल तर 'फरगॉट पासवर्ड'मधून आधारच्या ओटीपीवर तो बदला. प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल स्वतःचे टाका आणि 'ऑथराइज्ड पार्टनर्स'मध्ये अनोळखी नाव असेल तर काढा. मग भरलेल्या रिटर्नची पीडीएफ उतरवून वजावटींचा भाग ओळ-ओळ वाचा. खोटं काही निघालं तर तपासणी सुरू होण्याआधी अपडेटेड रिटर्न भरणं स्वस्त पडतं: कर, व्याज आणि त्यांच्यावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, पुढच्या १२ महिन्यांत ५० टक्के जादा. ही मुदत कर-निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून मोजतात. मात्र अपडेटेड रिटर्नने रिफंड वाढवता येत नाही.

अनोळखी जीएसटी नंबर सापडला तर पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, दोन्ही करा आणि पोचपावती जपून ठेवा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावरची सगळी सिम दिसतात. ओळखीचं नसेल त्यापुढे 'नॉट माय नंबर' निवडा.