बनावट मलेरिया गोळ्यांसाठी ‘ग्रीन’ पद्धत: इथेनॉलवरचं एचपीएलसी की एचपीटीएलसी?

एम. फार्म.च्या प्रोजेक्टला आर्टीमेथर-ल्युमेफँट्रिनच्या (मलेरियावरची दोन औषधं एकत्र) बनावट गोळ्या ओळखण्याची पर्यावरणपूरक पद्धत घ्यायची असेल, तर जळगाव, धुळे, शिरपूरकडे बहुतेक ठिकाणी दोनच पर्याय हाताशी असतात: अ‍ॅसिटोनायट्राइल काढून इथेनॉल घातलेलं एचपीएलसी (सॉल्व्हंटसोबत नमुना दाबाने कॉलम नावाच्या भरीव नळीतून ढकलून घटक वेगळे करणारं यंत्र), नाहीतर एचपीटीएलसी (पातळ थराच्या प्लेटवर सॉल्व्हंट चढू देऊन घटक वेगळे करणं). हातात धरायचा रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र) सगळ्यात हिरवा, सॉल्व्हंटचा थेंब लागत नाही. पण प्रत्येक ब्रँडच्या अस्सल गोळीचा स्पेक्ट्रम आधी जमवावा लागतो, आणि किंमत ऐकली की विभागप्रमुख विषय बदलतात. तो बाजूला ठेवू.

इथेनॉलचं एचपीएलसी कागदावर देखणं आहे. इथेनॉल-पाणी मिश्रण दाट असल्याने बॅकप्रेशर (पंपावर येणारा दाब) चढतं, पण कॉलम चाळीस-पंचेचाळीस अंशांवर ठेवला की उतरतं. (मे महिन्यात आपल्याकडे ओव्हन लावायचीही गरज नाही, असं लॅब असिस्टंट म्हणतात.) यूव्ही प्रकाशात ल्युमेफँट्रिन ३३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास झकास दिसतं. आर्टीमेथरला मात्र क्रोमोफोर (हा प्रकाश नीट शोषणारा भाग) नाही, त्यामुळे २१०-२१५ला जावं लागतं आणि तिथे इथेनॉल स्वतःच शोषायला लागतं. बेसलाइन (आलेखाची तळरेषा) कुरकुरते. शिवाय अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल म्हटलं की उत्पादन शुल्काचा परवाना आलाच. हे सगळं निभावतं, त्यावरून मी पद्धत सोडली नसती.

माझा निकाल लागला तो वेस्टच्या कॅनवरून. मिनिटाला एक मिली फ्लो धरा, चोवीस तासांत जवळजवळ दीड लिटर. नमुने दहा असोत की दोन, कॉलम इक्विलिब्रेट (वापराआधी स्थिर) करायला आणि धुवायला तेवढंच जातं. मागच्या बॅचेसचे अ‍ॅसिटोनायट्राइलचे कॅन सिंकखाली होतेच, लेबलवरची शाई उडालेली, उन्हाळ्यात फुगून बूड गोल झालेलं, झाकण उघडलं की फुस्स. घातक कचऱ्याची सोय तळोजा, रांजणगावला. चार कॅनसाठी तिथून कोण येणार? इथेनॉल कमी विषारी हे खरंच, पण पाणी, बफर आणि गोळीचा अर्क मिसळलेलं इथेनॉलही शेवटी त्याच सिंकखाली जाऊन बसतं.

एचपीटीएलसीत वीस बाय दहा सेंटीमीटरच्या प्लेटवर पंधराएक ट्रॅक (एकेका नमुन्याची पट्टी) आणि ट्विन-ट्रफ चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिली मोबाइल फेज, म्हणजे प्लेटवर चढणारं सॉल्व्हंट. झालं. हेक्झेनऐवजी हेप्टेन घेऊन इथाइल अ‍ॅसिटेटशी प्रमाण जुळवत बसावं लागतं, तेवढा धीर ठेवा. लाइट गेली तरी प्लेट चेंबरमध्ये आपली चढत राहते. एचपीएलसीची रात्रीची सिक्वेन्स बंद पडली की सकाळी काय वाटतं, ते ज्याचं त्याला माहीत.

खोट आहेच. आर्टीमेथर दिसावं म्हणून प्लेट अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्लात बुडवून तापवावी लागते, आणि हे काही हिरवं काम नाही. प्रबंधाला अ‍ॅग्रीचं बारा फाकांचं वर्तुळ (AGREE; पद्धत किती हिरवी ते बारा निकषांवर रंगांत दाखवणारं) जोडलंत तर सहावी फाक, म्हणजे डेरिव्हटायझेशन (रसायन लावून पदार्थाचं रूप बदलणं), तुम्हाला मारेल. एचपीएलसीवाल्यांना सातवी मारते, वेस्टची. कुठली फाक लाल चालेल, हे ज्याने त्याने ठरवावं. बुडवायचं द्रावण पुन्हा वापरता येतं, एवढं मी सांगेन.

अचूकतेचं म्हणाल तर प्रश्न काय विचारताय त्यावर आहे. गोळीत ९० टक्के औषध आहे की ८२, हे हवं असेल तर एचपीएलसीला पर्याय नाही, मुकाट्याने तिकडे जा. पण बनावट मालात बऱ्याचदा औषधच नसतं. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाहणीत आग्नेय आशियातल्या दुकानांतून घेतलेल्या आर्टेसुनेट या आर्टीमेथरच्याच जातकुळीतल्या औषधाच्या ३८ टक्के नमुन्यांत आर्टेसुनेट अजिबात नव्हतं. अशा गोळीचा ट्रॅक रिकामा राहतो किंवा भलत्याच जागी स्पॉट येतो. अस्सल गोळीचा गुलाबीसर स्पॉट शेजारीच असल्याने शंका उरत नाही. जर्मनीचा जीपीएचएफ मिनीलॅब हा पेटीतला संच गरीब देशांत औषधं तपासतो, तोही टीएलसीवरच, म्हणजे एचपीटीएलसीच्या साध्या रूपावर.

नंदुरबारकडच्या आरोग्य केंद्रांतून किंवा दुकानांतून नमुने गोळा करायचे असतील आणि संख्या मोठी असेल, तर मला वाटतं आधी सगळे प्लेटवर चढवावेत आणि शंकास्पद तेवढेच एचपीएलसीला द्यावेत. गाइड ‘दोन्हीत संपूर्ण व्हॅलिडेशन हवं’ म्हणाले, तर एचपीएलसीचं शेजारच्या कॉलेजात करता येतं का ते सिनॉप्सिस देण्याआधीच विचारून घ्या, आणि वेस्ट कोण ठेवणार हेही त्याच वेळी.