कब्बाला शिकायचीय: सेंटर, बनेई बारुख की थेट झोहर?

कब्बाला म्हणजे ज्यू धर्मातली गूढविद्या. ती शिकवणाऱ्या दोन संस्था, लॉस एंजेलिसचं कब्बाला सेंटर आणि इस्रायलमधलं बनेई बारुख एकमेकांपासून फटकून असतात, पण दोघांचं गुरुघराणं एकच. झोहर या कब्बालाच्या मूळ ग्रंथावर भाष्य लिहिणारे येहुदा अशलाग (१८८५–१९५४). ‘मला हवं’ ही माणसाची ओढ ‘द्यावं’कडे वळवायची, ही त्यांची मुख्य शिकवण दोन्हीकडे ऐकू येते. फरक पडतो तो रोजच्या करण्यात.

सेंटर फिलिप बर्ग यांनी उभं केलं आणि मॅडोनामुळे ते जगभर गाजलं. इथे करण्यासारखं भरपूर मिळतं: डाव्या मनगटाला लाल दोरा, देवाच्या ७२ नावांवर ध्यान. ही नावं तीन-तीन अक्षरांची; बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातल्या सलग तीन ओळींत प्रत्येकी ७२ अक्षरं आहेत, त्यांतली एकेक घेऊन जुळवलेली. शिवाय झोहरच्या अरामी ओळींवरून नुसती नजर फिरवायची, अर्थ कळला नाही तरी चालतं. पोथीचं पारायण पाहिलेल्या मराठी माणसाला यात वावगं वाटणार नाही. मला खटकतो तो दुकानदारीचा भाग: दोरा विकत, २३ खंडांचा संच विकत.

बनेई बारुखमध्ये दोऱ्याबिऱ्याला थारा नाही. संस्थापक मायकेल लाइटमन यांचे धडे ऑनलाइन फुकट मिळतात. रोजचा थेट वर्ग इस्रायलच्या पहाटे तीनला, म्हणजे भारतात ऋतूप्रमाणे साडेपाच किंवा साडेसहाला. लवकर उठणाऱ्यांची सोयच. पुढे दहा-दहा जणांच्या गटात काम करावं लागतं. तुम्ही एकलकोंडे असाल तर इथे जीव रमायचा नाही. आणि सगळा अर्थ एकाच गुरूच्या चष्म्यातून येतो, हेही लक्षात ठेवा.

उरलं स्वतः वाचणं. दोन्ही संस्था झोहरचं श्रेय दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाय यांना देतात. कब्बालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी मात्र भाषेच्या पुराव्यांवरून तो तेराव्या शतकातल्या स्पेनमध्ये, मुख्यतः मोशे दे लेओन यांच्या हातून लिहिला गेल्याचं दाखवलं. डॅनियल मॅट यांच्या इंग्रजी भाषांतरात तळटीपा भरपूर, त्यामुळे वेग कासवाचा. साधना, सोबती काहीच मिळत नाही.

सनातनी रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, यातलं काहीच पटणार नाही. तोरा, तालमूद हे धर्मग्रंथ आणि रोजचे धर्मनियम यांच्यावाचून कब्बाला त्यांच्या लेखी अधांतरी.

माझं मत विचाराल तर आधी बनेई बारुखचे धडे महिनाभर ऐका, सोबत मॅट यांचा पहिला खंड. सेंटरच्या वर्गाचे पैसे त्यानंतरही भरता येतील.