नेटअ‍ॅप ऑनटॅपचा एनडीएमपी डीबग लॉग: बॅकअप नेमका कुठे अडला ते सांगतो का?

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात बँकांची मुख्य कार्यालयं, साखर कारखाने, मिरजेतली मोठी रुग्णालयं यांच्या डेटा रूममध्ये स्टोरेज आणि बॅकअप सर्व्हर वेगवेगळ्या पुरवठादारांचे, फायरवॉल तिसऱ्याचा, असा मामला नेहमीचा. रात्रीचा बॅकअप पडला की सकाळी तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी दोष कुणाच्या बाजूचा हे पुराव्यानिशी दाखवणारी एकच जागा असते, ती म्हणजे स्टोरेजवरचा एनडीएमपी लॉग (एनडीएमपी म्हणजे स्टोरेज आणि बॅकअप सर्व्हर बॅकअपसाठी एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल). नेटअ‍ॅपच्या स्टोरेजची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ऑनटॅप, आणि तिच्यातली ही सोय त्या कसोटीवर उतरते, पण वाचायची पद्धत माहीत असेल तरच.

आधी चालू कसा करायचा. प्रिव्हिलेज 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर न्यायची. मग 'व्हीसर्व्हर सर्व्हिसेस एनडीएमपी मॉडिफाय' या कमांडमध्ये एसव्हीएमचं (स्टोरेजमधल्या आभासी सर्व्हरचं) नाव देऊन 'डीबग-एनेबल' ट्रू करायचं आणि 'डीबग-फिल्टर'ला 'ऑल' द्यायचं. लॉग नोडच्या (क्लस्टरमधल्या एका कंट्रोलरच्या) रूट व्हॉल्यूममध्ये, ईटीसी-लॉगखालच्या 'एमलॉग' फोल्डरात तयार होतो. क्लस्टर मॅनेजमेंटच्या आयपीवर ब्राउझरमधून 'एसपीआय'च्या वाटेने तो उतरवून घेता येतो, नोडच्या शेलमध्ये शिरायची गरज पडत नाही. ही सोय फार चांगली आहे.

लॉग उघडला की बहुतेकजण थेट तळाशी जातात आणि शेवटची एरर वाचतात. तिथेच फसगत होते. शेवटची ओळ बहुधा 'डेटा हॉल्टेड' किंवा 'अबॉर्टेड' अशी असते आणि ती परिणाम सांगते, कारण नाही. एनडीएमपीच्या प्रत्येक संदेशाला सीक्वेन्स नंबर असतो आणि प्रत्येक उत्तरात ते कोणत्या विनंतीचं, तो नंबर असतो. विनंती आणि उत्तर अशा जोड्या लावत वरून खाली यायचं. ज्या विनंतीला पहिल्यांदा एरर आली किंवा उत्तरच आलं नाही, तिथे थांबायचं. खालचं सगळं त्याचीच पडझड असते.

सेशनचा क्रम ठरलेला आहे. आधी 'कनेक्ट ओपन', मग 'क्लायंट ऑथ', मग डेटा कनेक्शनची जुळणी, मग 'स्टार्ट बॅकअप'. ऑथलाच 'नॉट ऑथराइज्ड' आलं तर नेटवर्ककडे बघूच नका. एसव्हीएम मोडमध्ये एनडीएमपीचा पासवर्ड लॉगिनचा नसतो, तो 'जनरेट-पासवर्ड'ने वेगळा काढावा लागतो. ऑडिटनंतर सगळे पासवर्ड बदलले आणि त्याच रात्रीपासून बॅकअप बंद, याचं कारण हेच. लॉगिनचा पासवर्ड बदलला की एनडीएमपीचा नव्याने काढून बॅकअप सर्व्हरवर टाकावा लागतो.

खरी गंमत डेटा कनेक्शनच्या ओळींत आहे. कंट्रोलचं कनेक्शन १०००० पोर्टवर चालतं आणि फायरवॉलवाला तेवढाच उघडून मोकळा होतो. डेटा मात्र दुसऱ्याच पोर्टवरून जातो. बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर बॅकअप घेत असाल तर लॉगमध्ये 'डेटा कनेक्ट'ची विनंती दिसेल आणि तिच्यात आयपी आणि पोर्ट लिहिलेला असेल. तो आयपी नीट वाचा. बॅकअप सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील, तर स्टोरेजला ज्या नेटवर्कवर वाटच नाही तिथला आयपी पाठवलेला सापडतो. आयपी बरोबर असेल तर विनंती आणि उत्तर यांच्या वेळेतला फरक बघा. 'कनेक्ट एरर' लगेच, त्याच सेकंदात आली तर समोर त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही किंवा कुणी स्पष्ट नकार दिला. बराच वेळ काहीच नाही आणि मग एरर, तर मधला फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतोय. हा एवढा फरक फायरवॉलवाल्यासमोर ठेवला की वाद तिथेच मिटतो. स्टोरेज ज्यावर ऐकतं त्या पोर्टसाठी 'डेटा-पोर्ट-रेंज' ठरवून देता येते. ती आखूड ठेवून तेवढीच फायरवॉलमध्ये उघडावी.

डीबग लॉगच्या शेजारी ईटीसी-लॉगमध्ये 'बॅकअप' नावाची साधी फाइल असते, आणि खरं सांगायचं तर निम्मी कामं तिच्यावरच भागतात. 'डीएमपी' म्हणजे बॅकअप, 'आरएसटी' म्हणजे रिस्टोर. पुढे वेळ, व्हॉल्यूम आणि घटना: स्टार्ट, स्नॅपशॉट, बेस डम्प, फेज चेंज, एंड, अबॉर्ट. पहिल्या दोन फेजमध्ये फक्त फाइलींची आणि फोल्डरांची मोजदाद होते, डेटा जात नाही. तिसऱ्यात फोल्डर, चौथ्यात फाइली, पाचव्यात एसीएल, म्हणजे फाइलींच्या परवानग्या. रुग्णालयाच्या स्कॅन-एक्स-रे इमेजच्या व्हॉल्यूममध्ये लाखो छोट्या फाइली असतात. तिथे मोजदादच तासन्‌तास चालते, आणि तेवढा वेळ डेटा कनेक्शनवर एक बाइटही हलत नाही. फायरवॉलचा आयडल टाइमआउट ३६०० सेकंदांचा असेल तर तो कनेक्शन मुकाट्याने मोडतो, आणि तिसरी फेज सुरू होताच बॅकअप पडतो. लिनक्सचा कीप-अलाइव्ह (रिकामं कनेक्शन जिवंत ठेवणारा संदेश) मुळात ७२०० सेकंदांचा, म्हणजे फायरवॉलनंतर जागा होणारा. तो ६०० ते ९००वर आणावा, शिवाय बॅकअप सॉफ्टवेअर कीप-अलाइव्ह वापरतंय याची खात्री करावी. चौथ्या फेजमध्ये वेळ खात असेल तर मात्र नेटवर्क किंवा टेपचा वेग तपासायचा.

इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा) बॅकअप अचानक फुलएवढा भरला तर 'स्टार्ट बॅकअप'मधलं 'लेव्हल' बघा. तिथे शून्य, म्हणजे फुल, असेल तर चूक बॅकअप सॉफ्टवेअरच्या शेड्यूलमध्ये आहे. लेव्हल बरोबर असेल तर 'बेस डम्प'ची ओळ, म्हणजे बदल ज्या आधीच्या बॅकअपपासून मोजले तो, कोणती तारीख धरतेय ते पाहा.

आता उणिवा. लॉग प्रत्येक नोडचा वेगळा. लिफ (स्टोरेजचा आयपी ज्यावर असतो तो नेटवर्क इंटरफेस) दुसऱ्या नोडवर सरकली की सेशनचा लॉगही तिकडे जातो, आणि रिकाम्या फाइलीत शोधत बसायची वेळ येते. आधी 'एनडीएमपी प्रोब'ने सेशन कोणत्या नोडवर आहे ते बघणं भाग आहे. बॅकअप सॉफ्टवेअर क्लस्टरची जाण नसलेलं असेल तर व्हॉल्यूम दुसऱ्या नोडवर हलवल्यावर ते सापडेनासं होतं, आणि लॉग फक्त पाथ नाही एवढंच सांगतो. हे नवख्याला कळणं अवघड आहे. 'ऑल' फिल्टरवर फाइल हिस्टरीचे (बॅकअपमधल्या प्रत्येक फाइलीच्या नोंदीचे) संदेश इतके येतात की कामाच्या ओळी त्यात बुडतात आणि लॉग फिरून जुना पुरावा पुसला जातो. म्हणून डीबग एका रात्रीपुरताच चालू ठेवावा, सकाळी फाइल उतरवून घ्यावी आणि लगेच बंद करावा. रूट व्हॉल्यूम भरणं नोडला परवडत नाही. घड्याळंही जुळलेली हवीत: स्टोरेज, बॅकअप सर्व्हर आणि फायरवॉल तिघांना एकच एनटीपी (वेळ जुळवणारा सर्व्हर) द्या, नाहीतर वेळेच्या फरकावरून काढलेला कुठलाच निष्कर्ष टिकणार नाही.

टेपवर बॅकअप घेणाऱ्यांसाठी आणखी एक. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या महापुरानंतर टेपची एक प्रत शहराबाहेर ठेवायची गरज इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या प्रतीसाठी 'मूव्हर पॉझ्ड'च्या (मूव्हर म्हणजे टेपवर लिहिणारा भाग) ओळीतलं कारण वाचा. 'एंड ऑफ मीडिया' असेल तर टेप भरली एवढंच, सॉफ्टवेअर पुढची टेप लावून सेशन चालू करतं. त्यानंतर 'कंटिन्यू'ची विनंती दिसलीच नाही, तर दुसरी टेप लायब्ररीत नव्हती किंवा सॉफ्टवेअरला वापरण्याजोगी सापडली नाही. स्टोरेजचा त्यात दोष नाही.