कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट २.१: वर्षभर वापरल्यावर काय वाटतंय

आमचा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट तसा छोटा, देवनागरी टेक्स्टवर काम करणारी एक लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, चॅटवर पुण्या-नाशिकची, बंगळुरूची आणि थोडी बाहेरच्या देशातली मंडळी. कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम, हवा असं ठरलं तेव्हा स्वतः लिहीत बसण्यापेक्षा कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट हे रेडीमेड उचललं. कोरलाइन एडा एम्कीने २०१४ मध्ये सुरू केलेलं, २०१८ मध्ये लिनक्स कर्नलवाल्यांनी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणाऱ्यांनी) घेतलं तेव्हा केवढा धुरळा उडालेला आठवत असेल. फुकट आहे, टेम्प्लेट तयार मिळतं, दोन मिनिटांचं काम, आणि गंमत तिथेच आहे, कारण तक्रार कुणाकडे करायची ती जागा रिकामी असते, आपण भरायची, आणि कितीतरी प्रोजेक्टच्या कोडसोबतच्या फाइलमध्ये ती अजून तशीच आहे. बेल लावली पण वायरच जोडली नाही, असला प्रकार.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे २.१ मधली, कशावरून कुणालाही त्रास द्यायचा नाही याची यादी. वंश, धर्म, लिंग वगैरे सगळीकडे असतंच, पण इथे जात स्पष्ट लिहिली आहे, जी आधीच्या २.० आवृत्तीत नव्हती. आपल्याकडे कोणी उघड शिवी देत नाही हो, नवीन पोराची पुल रिक्वेस्ट (आपला कोड प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) आली की "पूर्ण नाव काय रे तुझं, मूळ गाव कुठलं" असं गोड आवाजात विचारलं जातं, किंवा कोडमध्ये चूक सापडली की आरक्षणाच्या कोट्याचा जोक. आधी अशा वेळी बोललं की "अरे मस्करी होती, तू कशाला मनावर घेतोस" हे ठरलेलं उत्तर यायचं. आता फाइलची लिंक टाकता येते, वाद तिथेच आटपतो, निदान मस्करीची व्याख्या आपल्याला करत बसावी लागत नाही. अनुभव आणि शिक्षण हेही यादीत आहे, त्यामुळे "कुठल्या कॉलेजचा" हा प्रश्नही बराच कमी झाला. "डिअर सर" मात्र गेलं नाही, आमच्या मुख्य मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या) बाई आहेत तरी रोज कोणीतरी सर म्हणतंच, पण त्याला कारवाई कशाला, त्या हसून सांगतात आणि विषय संपतो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे कारवाईच्या पायऱ्या. आधी खासगीत लेखी समज, मग वॉर्निंग म्हणजे ठरावीक काळ त्या प्रकरणातल्या माणसांशी अजिबात संपर्क नाही, मग तात्पुरती बंदी, मग कायमची. आमचं जवळजवळ सगळं पहिल्या पायरीवरच मिटलं. खासगीत सांगितलं की माणूस ऐकतो, चारचौघांत सांगितलं की तो स्वतःची बाजू लढवत बसतो आणि त्याचे दोस्तही उतरतात. एका सीनियरला वॉर्निंगपर्यंत न्यावं लागलं, दुसऱ्यांचा कोड तपासताना, रिव्ह्यूमध्ये, "डोकं वापरून लिहिलंय का" टाइप कॉमेंट्स परत परत. तो महिनाभर रुसला, मग परत आला, आता कोडवर बोलतो, माणसावर नाही.

त्रुटी आहेतच. तक्रार लवकर आणि निष्पक्षपणे बघू एवढंच लिहिलंय, किती दिवसांत ते नाही, म्हणून दोन दिवसांत पोच द्यायची हे आम्ही आमचं वाढवलं. तक्रार मेंटेनरविरुद्धच असेल तर काय, यावरही फाइल गप्प. आणि कम्युनिटीच्या जागेत किंवा तिच्या वतीने बाहेर बोलताना हे लागू, पण आपली भांडणं होतात व्हॉट्सॲपच्या पर्सनल मेसेजमध्ये, ते धरायचं की नाही यावर आमच्यातच अजून दोन तट आहेत.

घ्यायचं असेल तर घ्या, पण संपर्काला एकच पत्ता देऊ नका. दोन माणसं ठेवा, त्यातली एक कमिट राइट्स (कोड थेट बदलण्याचा हक्क) नसलेली, शक्यतो दुसऱ्या कंपनीतली. आम्ही हा बदल केला आणि त्यानंतरच पहिल्यांदा एका ज्युनियर मुलीने स्वतःहून मेल टाकला.