अठ्ठावीस कॅप आणि एक गॅरंटी कार्ड

भोसरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं क्वालिटीत होतो. जॉब हातात आला की आधी ड्रॉइंग, मग गेज, मग सही. गेज बसला नाही तर साहेबाचा साहेब येऊन उभा राहिला तरी माल पास करायचो नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. असा माणूस स्वतःच्या तोंडातला माल न तपासता सही करून आला, म्हणून सांगतोय.

मला लहानपणापासून झोपेत दात खायची सवय. आई म्हणायची पोटात जंत झालेत. जंताची औषधं घेऊन घेऊन कंटाळलो, दात काही थांबले नाहीत. त्यात पुढे पित्ताचा त्रास. २०१७ साली ५८व्या वर्षी रिटायर झालो तेव्हा दात झिजून बुटके झाले होते आणि तीन आधीच काढलेले होते. भाकरी एकाच बाजूने चावायचो.

जानेवारी २०१८ मध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत दंततपासणी शिबिर झालं. तिथून चिठ्ठी घेऊन एका मोठ्या, चकचकीत दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे फुकट काढला. मग टॅबलेट घेतलेली एक मुलगी समोर बसली. ती डॉक्टर नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. म्हणाली, "काका, एकेक दात दुरुस्त करत बसलात तर आयुष्य जाईल. फुल माउथ करून टाका. झिर्कोनिया आहे, पंधरा वर्षांची गॅरंटी." फुल माउथ म्हणजे सगळे दात तासून प्रत्येकावर कॅप, म्हणजे टोपी. झिर्कोनिया म्हणजे कॅपसाठीचा पांढरा, कडक पदार्थ. २८ कॅप, १२ हजाराला एक, म्हणजे ३ लाख ३६ हजार, पण महिनाअखेरीपर्यंत ठरवलं तर २ लाख ९५ हजार. बायको म्हणाली, "अहो, अजून एका डॉक्टरला विचारा की." मी म्हटलं, महिना संपतोय.

ग्रॅच्युइटीतले ९५ हजार भरले आणि उरलेल्या दोन लाखांचं कर्ज तिथेच टेबलावर झालं. इथे जरा थांबून वाचा. ते कर्ज माझ्या खात्यात आलंच नाही, थेट दवाखान्याच्या खात्यात गेलं, तेही पहिला दात तासायच्या आधी. म्हणजे पुढे मधेच थांबावंसं वाटलं तरी माझ्या हातात काही उरलं नव्हतं. अर्धा माल रिजेक्ट करायचा, तर पेमेंट आधीच झालेलं.

नऊ दिवसांत सगळं उरकलं. पहिल्या तीन दिवसांत २५ दात तासले (तीन आधीच काढलेले, त्यांच्या जागी नुसत्या जोडून लटकवलेल्या कॅप), त्यातल्या ११ दातांचं "काळजी म्हणून" रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढणं. माप घेतलं आणि पाच दिवसांनी कॅप आल्या. वरच्या चौदाच्या चौदा एकमेकींना जोडलेल्या, एकसंध पूल. खालीही तसंच. दात कुठे टेकतात ते बघायला निळा कागद चावायला दिला, इकडे तिकडे जरा घासलं, सिमेंट भरलं, फोटो काढला. हातात एक गुळगुळीत कार्ड दिलं. बिलावर एकच ओळ: "डेंटल पॅकेज". कुठल्या दातावर काय बसवलं, कोणत्या पदार्थाचं, कुठल्या लॅबचं, काही नाही. आमच्याकडे मालाबरोबर असं चलन आलं असतं तर ट्रक गेटवरूनच परत गेला असता.

पहिली जवळपास दोन वर्षं खोटं कशाला बोलू, मजेत गेली. पुतण्याच्या लग्नात सगळे म्हणाले, काका दहा वर्षांनी लहान झाले.

२०२० च्या संक्रांतीला तिळाचा लाडू चावला आणि वरच्या उजव्या दाढेचा टवका उडाला. लाडू कडक होता, कबूल. पण टवका हातात घेतला आणि जीभ त्या जागी फिरवली तर काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. आरशासमोर बॅटरी धरून बघितलं. आत चकाकणारा पत्रा. झिर्कोनिया म्हणजे आरपार पांढरा. टवका उडाला तरी खाली पांढरंच दिसायला हवं. धातू दिसतो तो जुन्या प्रकारच्या कॅपमध्ये, आत धातूची टोपी आणि वरून चिनीमाती. ती कॅपही चांगलीच असते, वर्षानुवर्षं लोक वापरतात. पण ती बरीच स्वस्त, आणि मी पैसे तिचे दिले नव्हते. तो टवका मी कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत ठेवला. अख्ख्या प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम एवढंच.

दवाखान्यात दाखवेपर्यंत मार्च उजाडला, मग लॉकडाऊन. उघडला तेव्हा डॉक्टर बदललेले, ती मुलगी गेलेली. नव्या डॉक्टरांनी कड घासून गुळगुळीत केली आणि म्हणाले, कार्ड दाखवा. कार्डावरचा नंबर त्यांनी ताडून बघितला. तो फक्त वरच्या पुढच्या सहा कॅपचा होता! म्हणजे फोटोत दिसतात त्यांच्यावरच झिर्कोनिया, न दिसणाऱ्या २२ आतून धातूच्या. दाखवायचे दात आणि खायचे दात अशी म्हण आहे, ती माझ्या तोंडात शब्दशः बसवली होती. वर कार्डामागच्या बारीक अक्षरांत अटी: दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे देऊन सफाई केल्याचे शिक्के हवेत, झोपेत दात खाणाऱ्याला गॅरंटी लागू नाही, आणि गॅरंटी फक्त कॅपच्या पदार्थाची. कॅपखालचा दात किडला, सिमेंट सुटलं, हिरडी गेली, तर ते कार्डात नाही. मी झोपेत दात खातो हे पहिल्याच दिवशी त्यांच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

२०२२ मध्ये बायकोने सांगितलं, तोंडाला वास येतो. वरचा पूल किंचित हलायला लागला होता. तो एका बाजूला सुटला होता, दुसऱ्या बाजूला घट्ट होता, आणि मधल्या फटीत दोन वर्षं अन्न सडत होतं. रूट कॅनाल झालेला दात ठणकत नाही, त्यामुळे आत कीड चाललीय हे कळतच नाही. कोल्हापूरला मेहुण्याने एका बाईंकडे नेलं, त्यांचं कॅप, पूल, कवळ्या याच विषयात एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी, आहे. त्यांनी अणकुचीदार सुई कॅपच्या कडेवरून फिरवली; जागोजागी ती आत शिरली. म्हणाल्या, कॅप आणि दात यांच्यात साधारण १२० मायक्रॉनपर्यंत फट चालवून घेतात. ०.१२ मिलिमीटर. मला हे ऐकून लाज वाटली. ही भाषा माझी होती, आणि मी ती कधी विचारलीच नव्हती.

वरचा पूल कापून काढावा लागला. त्याच्या आतले चार दात मऊ झालेले, त्यातले तीन गेले. मी विचारलं, चारच दात बिघडले तर सगळा पूल का कापायचा? त्यांनी काही बोलायच्या आधी उत्तर माझं मलाच कळलं. वरच्या १४ कॅपपैकी एक काढलेल्या दाताच्या जागी, म्हणजे १३ दातांवर एकच पूल. प्रत्येक दात ९८ टक्के खात्रीचा धरला तरी तेराही धड राहण्याची शक्यता ७७ टक्के. एक गेला की बारा चांगल्यांनाही शिक्षा. तुकड्यातुकड्यांनी केलं असतं तर बिघडलेला तुकडा तेवढा काढता आला असता. पण सुट्या सुट्या कॅप नीट बसवायला वेळ लागतो, आणि नऊ दिवसांत वेळ कुठला?

मॅडमनी जुना एक्स-रे बघून सांगितलं की निदान नऊ दात न तासता, वरून मसाला भरून उंच करता आले असते. तासलेला दात परत येत नाही. दात झिजल्यावर चावा खाली बसू शकतो, म्हणजे दोन्ही जबडे जास्त जवळ मिटतात. तो वर उचलायचा तर आधी दोन्ही जबड्यांचे साचे हलत्या यंत्रावर बसवून मेणाचे दात करून बघतात, मग काही आठवडे टेम्पररी कॅप घालून जबड्याला, स्नायूंना ते मानवतं का बघतात, आणि त्यानंतर पक्क्या कॅप. दात खाणाऱ्याला रात्रीचा गार्ड लागतोच. माझ्या नऊ दिवसांत यातलं एकही नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. टिकणं वेगळं आणि विनातक्रार टिकणं वेगळं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २००४ साली छापला गेला, त्यात दातांवर बसवलेल्या पुलांपैकी सुमारे ८९ टक्के दहा वर्षांनी तोंडात होते, पण मधे काहीही भानगड न झालेले सुमारे ७१ टक्केच. हे साध्या पुलांचं. "त्यामुळे काका, कॅप तुटली म्हणून डॉक्टरला चोर म्हणू नका," असंही त्या म्हणाल्या. बरोबर आहे. टवका उडाला ही फसवणूक नव्हती. लाडवाने फक्त झाकण उघडलं.

पैशाचं सांगतो. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते असं ठरवलं, आणि आता २०१९ चा कायदा आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण मुदत दोन वर्षांची, आणि मी ती घासत घासत जवळजवळ संपवली होती. उशीर माफ करायचा की नाही हे आयोगाच्या हातात. वकिलाने विचारलं, २८ झिर्कोनियाचं लेखी कुठाय? बिलात नव्हतं. सुदैवाने बायकोच्या फोनमध्ये त्या मुलीचा मेसेज सापडला, "२८ युनिट झिर्कोनिया, ऑफर ३१ पर्यंत". तो मेसेज, ती डबी, कापलेल्या पुलाचे धातूचे तुकडे आणि मॅडमची लेखी नोंद, एवढ्यावर नोटीस गेली. दवाखान्याने तक्रार दाखल व्हायच्या आधी १ लाख १० हजार परत दिले. मी घेतले. लढलो असतो तर जास्त मिळाले असते असं मुलगा म्हणतो. असेल.

कुणी विचारलं तर मी हल्ली एवढंच सांगतो: पॅकेज म्हणू नका, दाताच्या नंबरावर बिल मागा. कुठला दात का तासणार ते प्रत्येकाचं वेगळं विचारा. आणि "आजच ठरवा" म्हणाले की उठून चहाला जा, परत जाऊ नका.

आता वर मॅडमनी पाच छोटे तुकडे बसवलेत, टेम्पररीवर तीन महिने काढल्यावर. जिथे तीन दात गेले तिथे काढघाल कवळी आहे. रात्री गार्ड, मी विसरलो तर बायको विसरत नाही. पुलाखालून रोज बारीक ब्रश फिरवतो. खालचा जुना पूल अजून तसाच आहे, कारण तो हलत नाही आणि उगाच कापू नये असं त्यांचं मत. गेल्या तपासणीत डावीकडे एका ठिकाणी त्यांची सुई जरा अडकली. कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, जूनमध्ये परत बघू.