यंत्रचिलखत हवाबंद कसं करायचं: चेन की पाठीचं दार?

विज्ञानकथेतलं यंत्रचिलखत एका झटक्यात बंद होतं, पण हवा अडते कशाने? खऱ्या अंतराळ-पोशाखांत दोन्ही नमुने सापडतात.

अपोलो चांद्रमोहिमांच्या पोशाखाला हवाबंद चेन होती. हलकी, अंगासोबत वाकणारी. पण चंद्रावरची धूळ म्हणजे काचेचा चुराच. ती चेनीत, मनगटाच्या कड्यांत, सगळीकडे शिरली. अपोलो १२ मध्ये अंतराळवीर पीट कॉनराड यांच्या पोशाखाची गळती चंद्रावरच्या पहिल्या फेरीनंतर मिनिटाला ०.१५ पीएसआय (दाबाचं एकक) होती, दुसरीनंतर ०.२५. मर्यादा ०.३०! कुकरच्या रिंगवर भाताचं एक शीत राहिलं तरी वाफ फुसफुसते, तसंच हे.

रशियन ओर्लान पोशाखात पाठीवरची प्राणवायूची पेटी हेच दार. आत शिरा, दार ओढा, पाचेक मिनिटांत तयार. सील एकाच चौकटीत, म्हणून पुसायला सोपं. दाराच्या कड्या मात्र दणकट हव्यात: आत ०.४ वातावरण दाब आणि दार ०.३ चौरस मीटरचं धरलं, तर निर्वातात ते सव्वा टनाच्या जोराने बाहेर ढकललं जातं.

चिलखत मुळातच कडक, मग वाकणारी चेन हवी कशाला? माझं मत दारालाच. फक्त नायकाने शत्रूला पाठ दाखवू नये.